ऑटिझमचं निदान झाल्यावर थेरपी निवडताना : काय घ्यायचं, काय सोडायचं, फरक मोजायचा कसा

पाऊलवाट

निदानाचा रिपोर्ट हातात आला की आठवड्याभरात पालकांपुढे पर्यायांची रांग लागते. ओटी (व्यवसायोपचार), स्पीच, एबीए (बक्षीस देत टप्प्याटप्प्याने वर्तन शिकवणारी पद्धत), गहू-दूध बंद, होमिओपॅथी, हायपरबॅरिक ऑक्सिजन (जास्त दाबाच्या बंद कक्षात ऑक्सिजन देणं), स्टेम सेल (मूलपेशी). सगळीकडे "आत्ता सुरू केलं नाही तर वेळ निघून जाईल" हे ऐकवलं जातं. मग निवड घाईत होते, आणि पुष्कळदा ज्या सेंटरमध्ये जागा रिकामी असते तेच सेंटर निवडलं जातं.

चर्चा हवेत राहू नये म्हणून नेहमी दिसणारं एक चित्र समोर ठेवतो (हे कुणा एकाचं मूल नाही). मुलगा पावणेतीन वर्षांचा. शब्द नाहीत, हवं ते मिळवायला मोठ्यांचं मनगट धरून ओढत नेतो. हाकेला वळून बघत नाही, झोप तुटक. राहणं जिल्ह्याच्या ठिकाणी, आईवडील दोघं नोकरीला, दिवसभर आजी. थेरपीवर महिन्याला १५ हजारांपर्यंत खर्च झेपतो. जवळच्या सेंटरने आठवड्याला पाच ओटी आणि तीन स्पीच असं पॅकेज सांगितलंय, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. दुसरीकडे ऑनलाइन एबीएवाले "आठवड्याला किमान ४० तास" म्हणतात. आणि एक नातेवाईक स्टेम सेलचं माहितीपत्रक घेऊन आलेत.

जाणकारांनी या चित्राला धरून लिहावं. स्वतःचे अनुभव लिहायला वेगळा धागा आहेच.

बाराखडी

पॅकेजचा हिशेब आधी. सेशनचे ८०० रुपये धरले तर आठवड्याला ८ सेशन म्हणजे महिन्याला २७ हजारांच्या वर. १५ हजारांत ते बसत नाही, कर्ज काढून बसवूही नये, कारण हे काम सहा महिन्यांत आटोपणारं नाही.

आता तास बघा. १५ हजारांत बसणारी तीन सेशन पाऊण-पाऊण तासाची धरली तर आठवड्याचे सव्वादोन तास होतात. या वयाचं मूल आठवड्यात साधारण ८० तास जागं असतं. ते ७८ तास आजी आणि आईवडील काय करतात त्यावर बरंच ठरतं. म्हणून सेंटर निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारेन : "पालकाला सेशनमध्ये बसू देता का, आणि घरी काय करायचं ते करून दाखवता का?" दार बंद करून मूल आत नेणारं आणि शेवटची पाच मिनिटं "आज छान बसला" एवढंच सांगणारं सेंटर कितीही चकचकीत असलं तरी या घराच्या उपयोगाचं नाही.

माझं वाटप असं असेल : आठवड्याला दोन स्पीच, एक ओटी. वरच्या दराने १० हजार ३०० च्या आसपास. उरलेल्यातून महिन्यातून एक-दोनदा पालक-प्रशिक्षणाची बैठक, तीही आजीसकट. आजीला वगळून केलेली कुठलीही योजना या घरात टिकणार नाही.

आगाऊ पैसे महिन्यापेक्षा जास्त भरू नयेत. लेखी उद्दिष्टं मागावीत. "संवाद सुधारणे" हे उद्दिष्ट नव्हे. "खाऊच्या वेळी दहा संधींपैकी सहा वेळा, कुणी न विचारता, चित्र देऊन किंवा बोट दाखवून मागेल" हे उद्दिष्ट.

स्टेथो

थेरपीच्या आधी दोन-तीन गोष्टी उरकून घ्या, त्या राहून जातात.

ऐकण्याची तपासणी. बोलत नाही आणि हाकेला ओ देत नाही, अशा प्रत्येक मुलाची बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) किंवा वयाला साजेशी श्रवणचाचणी व्हायलाच हवी. "टीव्हीवरची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं" हा तर्क पुरेसा नाही. काही ठरावीक वारंवारतांचं ऐकणं कमी असलं तरी मूल जाहिरातीला धावतं.

झोप आणि पोट. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानाचा संसर्ग यांनी चिडचिड वाढते आणि न बोलणारं मूल ते सांगू शकत नाही. माती किंवा भिंतीचा रंग खात असेल, रात्री पाय झाडत असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. माती-रंगाच्या बाबतीत शिसंही.

ईईजी आणि एमआरआय सरसकट लागत नाहीत. झटके, टक लावून हरवल्यासारखं होणं, आलेलं बोलणं गेलं असं काही असेल तर ईईजी. जनुकीय तपासणी (फ्रॅजाइल एक्स, मायक्रोअरे) सुचवली जाते; तिने उपचार बहुधा बदलत नाहीत, पण पुढच्या अपत्याच्या नियोजनात उपयोग होतो. पैसे कमी असतील तर ती नंतर केली तरी चालेल, बेरा मात्र नंतरवर टाकू नये.

आणि या तपासण्यांची वाट बघत थेरपी थांबवू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

चिमणचारा

एबीएचं काय? ४० तास हा आकडा येतो कुठून? आणि एबीए नको म्हणणारेही बरेच दिसतात.

टकमक

हा आकडा लोव्हास या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ च्या अभ्यासातला. १९ मुलांना आठवड्याला ४० तास, त्यातली ९ "सामान्य शाळेत, सामान्य बुद्ध्यांकासह" असं त्यात लिहिलं होतं. पण मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि त्या काळच्या पद्धतीत ओरडणं, मारणं अशा शिक्षाही होत्या. आजच्या एबीएवरचा बराच राग तिथून येतो आणि तो अनाठायी नाही. ऑटिस्टिक प्रौढांची हरकत शिक्षेपुरती नाहीच. नजर मिळवायला लावणं, हात फडफडवणं बंद करायला लावणं, अशी उद्दिष्टंच कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. हात हलवल्याने कुणाला इजा होत नसेल तर त्यावर एक तासही खर्च करू नये, या मताचा मीही.

तासांबद्दल थेट उत्तर देणारा अभ्यास २०२१ चा. ८७ लहान मुलं, दोन पद्धती (एक टेबलावरची एबीए, दुसरी खेळातून शिकवणारी अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल) आणि दोन मात्रा, आठवड्याला १५ आणि २५ तास. वर्षभरानंतर सरासरीत पद्धतीनेही मोठा फरक पडला नाही आणि तासांनीही. ४० तास घेतले नाहीत म्हणून मुलाचं नुकसान केलं, हे ओझं पालकांनी घेऊ नये.

डेन्व्हर मॉडेलचा पहिला मोठा अभ्यास २०१० चा. ४८ मुलं, दीड ते अडीच वर्षांची, दोन वर्षं. बुद्ध्यांक, भाषा आणि दैनंदिन कौशल्यं सुधारली. ऑटिझमच्या तीव्रतेच्या गुणांत मात्र दोन गटांत ठळक फरक नव्हता. हा तपशील सेंटरच्या पत्रकात सहसा नसतो.

पाऊलवाट यांच्या उदाहरणाला सर्वात जवळचा अभ्यास आपल्या शेजारचा आहे. २०१६ साली गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीत ६५ मुलांवर पास नावाची पद्धत तपासली. गोव्यातलं काम संगथ या संस्थेचं. पदवीधारी थेरपिस्टऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे, आईबापांचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचे आणि तोच त्यांच्याबरोबर बसून बघायचे : "इथे त्याने चेंडूकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात, मग त्याने तुमच्याकडे बघितलं." बैठका बारा. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लयीत आला, मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. म्हणजे जादू नाही, पण खर्च आणि परिणाम यांचं गणित जिल्ह्याच्या ठिकाणच्या घराला जमण्यासारखं.

बाराखडी

टकमक, अनुमोदन. एकच भर. एबीएतली काही हत्यारं पद्धतीचं नाव न घेता सगळेच वापरतात, आणि ती घरी यायलाच हवीत. उदा. वर्तनाची नोंदवही. तीन रकाने : आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. डोकं आपटणं, चावणं असेल तर दहा-पंधरा नोंदींत नमुना दिसू लागतो. नंतर प्रत्येक वेळी मोबाईल मिळत असेल तर एक कारण, प्रत्येक वेळी आंघोळ टळत असेल तर दुसरं. कारण न बघता "दुर्लक्ष करा" असा सल्ला दिला जातो. आंघोळ टाळायला ओरडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं की आंघोळ टळतेच. त्याला हवं होतं तेच झालं.

नोंदवहीत नेहमी चुकतं ते असं : पहिल्या रकान्यात "काही कारण नव्हतं" लिहिलं जातं. कारण असतं, ते अर्ध्या मिनिटापूर्वी घडलेलं असतं. मिक्सर सुरू झाला, कुणीतरी टीव्ही बंद केला, आजी उठून आत गेली.

ध्वनिलहर

स्पीचचं सविस्तर लिहिते, कारण या उदाहरणातल्या मुलाची पहिली गरज संवाद आहे आणि पालक "बोलणं" मागतात.

जे मूल मनगट ओढून नेतं त्याला मागण्याची कल्पना आहे, फक्त साधन चुकीचं मिळालंय. तोंडाचे व्यायाम, शिट्ट्या, जिभेला मध लावणं याने शब्द येत नाहीत. सेशनची वीस मिनिटं त्यात जात असतील तर थेरपिस्टला कारण विचारा.

चित्र देऊन मागणं (पेक्स) सुरू करता येईल. याचे सहा टप्पे आहेत. पहिलाच टप्पा घरोघरी बिघडतो, म्हणून तोच लिहिते. पाच सेंटिमीटरचं चौकोनी चित्र, खऱ्या वस्तूचा फोटो उत्तम, लॅमिनेट करून मागे वेलक्रो. सुरुवातीला एकच चित्र, आणि ते मुलाला त्या क्षणी खरोखर हव्या असलेल्या गोष्टीचं. माणसं दोन लागतात. एक समोर, हातात फुटाणे घेऊन. दुसरं मुलाच्या मागे, गप्प. मुलाने हात पुढे केला की मागचा माणूस त्याचा हात चित्राकडे नेतो, चित्र उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावतो. चित्र हातात पडताच समोरचा "फुटाणे!" म्हणतो आणि लगेच देतो, अर्ध्या सेकंदात. मागच्या माणसाची मदत हळूहळू मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर येते आणि सुटते.

बिघडतं ते असं. समोरचा माणूस आधीच "काय हवं? चित्र दे" म्हणतो. मग मूल त्या प्रश्नाची वाट बघायला शिकतं आणि विचारल्याशिवाय कधीच मागत नाही. पहिल्या टप्प्यात समोरच्याने तोंडाने एकही सूचना द्यायची नाही. दुसरं, एकच माणूस दोन्ही भूमिका करतो. दिवसा आजी एकट्या असतील तर सराव संध्याकाळी, आईबाबांपैकी एक घरी आल्यावर. तिसरं, एकदा दिल्यावर मोठा वाडगा समोर ठेवतात आणि मागायचं कारण संपतं. दोन-दोन फुटाणे द्या, म्हणजे पाच मिनिटांत पंधरा संधी मिळतात. (तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खे फुटाणे, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. कुटून द्या किंवा चुरमुरे घ्या.)

"चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती सगळ्या घरांत असते. झालेले अभ्यास उलट सांगतात. बोलणं अडत नाही, काही मुलांत थोडं वाढतंच. चित्रांच्या पुढे मोबाईल-टॅबवरची साधनं आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीत चालतं. फक्त तो टॅब बोलण्याचाच ठेवा. त्याच टॅबवर यूट्यूब असेल तर मूल कशासाठी टॅब मागतंय ते कळणार नाही.

याच्या अगदी उलट, मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरफलकावर "टाइप करून घेणं" टाळा. असे प्रयोग झाले तेव्हा उत्तरं मदतनीसाला माहीत असतील तेवढीच आली.

चिमणचारा

भाषेचं विचारायचंच होतं. एका ठिकाणी "घरात फक्त इंग्रजी बोला, शाळा इंग्रजी आहे" असं सांगितलं.

ध्वनिलहर

नको. दोन भाषांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची भाषा त्यामुळे मागे पडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजीला इंग्रजी येत नसेल तर "फक्त इंग्रजी" म्हणजे दिवसाचे आठ तास मुलाशी कुणी बोलायचंच नाही. घरची भाषा मराठी तर शब्द मराठी : दे, अजून, नको, उघड, पुरे, मदत. थेरपिस्टला ही यादी द्या, तिने सेशनमध्येही हेच शब्द वापरावेत.

आणखी एक नेहमीची अडचण : ऐकलेलं जसंच्या तसं परत बोलणारी मुलं "तुला पाणी हवं का?" असं म्हणून पाणी मागतात. तेव्हा "नीट बोल" म्हणू नका. तहान लागल्याचं दिसलं की त्याच्या तोंडात बसेल असं वाक्य तुम्ही म्हणा : "पाणी दे." प्रश्न विचारूच नका. आणि आई, आजीबरोबरच दिवस जाणारा मुलगा "मी जाते" म्हणतो, त्यावर लगेच दुरुस्ती नको. संवाद आधी, लिंग नंतर.

टकमक

अवांतर : "हा कोणता रंग? काऊ कुठेय? नाक दाखव" हा घराघरातला परीक्षेचा कार्यक्रम अर्ध्यावर आणला तरी बरंच काम होईल. त्याऐवजी नुसतं बघणं आणि थांबणं. पाच ते दहा सेकंद. ते फार लांब वाटतात, घड्याळ लावून बघा.

अवखळ

ओटीबद्दल कुणी बोलेना. सेन्सरी इंटिग्रेशनने (स्पर्श, हालचाल अशा संवेदनांवर काम करणारी थेरपी) शांत बसतो, मग शिकतो, असं सगळी सेंटर्स सांगतात. झोके, अंगावरून ब्रश फिरवणं, जड जाकीट.

बाराखडी

ओटीचे दोन भाग वेगळे करा. कपडे घालणं, चमचा धरणं, दात घासणं, नखं कापून घेणं, गोंगाट सहन न होणाऱ्या मुलासाठी घराची मांडणी बदलणं, हे ओटीचं खरं बलस्थान आणि त्यासाठी आठवड्याचं एक सेशन सार्थकी लागतं. झोक्यावर बसवून मेंदूची जोडणी सुधारते या दाव्याला मात्र पाया कच्चा आहे. ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०२२) सेन्सरी इंटिग्रेशन थेरपी नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरली नाही. जड जाकिटांचंही तसंच. मुलाला झोका आवडत असेल तर झोका द्या, बागेतला फुकट असतो, आणि तिथे "अजून" मागायची संधीही मिळते.

अवखळ

हे जरा एकांगी वाटतं. काही मुलं झोक्यानंतर खरंच जास्त वेळ बसतात. चाचणीची सरासरी प्रत्येक मुलाला लागू होत नाही.

बाराखडी

मान्य, म्हणून तर मोजा. एक आठवडा झोक्यानंतर टेबलावरचं काम, एक आठवडा झोक्याशिवाय, दोन्ही वेळा किती मिनिटं बसला ते लिहा. फरक दिसला तर ठेवा. फक्त "बसण्यासाठी झोका" या कारणाने ठेवा, "मेंदूची जोडणी" म्हणून आठवड्याला पाच सेशन घेऊ नका.

ताकभात

आहाराबद्दल. गहू-दूध बंद करून ऑटिझमची लक्षणं कमी होतात याला भरवशाचा आधार नाही. अभ्यास छोटे, निकाल उलटसुलट. तरी पालक करून बघतातच, तर नीट करा.

गहू बंद करण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) रक्तचाचणी (टीटीजी) करून घ्या. गहू बंद केल्यावर केली तर ती खोटी नॉर्मल येते आणि खरा सिलिअॅक असेल तर तो निसटतो.

आपल्याकडे गहू सोडणं सोपं : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. पण बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीत गहू गेलाच. तिखट-मसाल्याच्या पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचा. मग महिनाभर "गहू बंद" करून काही फरक नाही असं म्हणणाऱ्या घरात गहू बंद झालेलाच नसतो. फरक दिसला म्हणणाऱ्या घरातही!

दूध बंद करणं जास्त जोखमीचं. आधीच चार-पाच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं दूध-दही काढलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही जातात. या वयाला रोज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या जवळपास असतं, पण इतकी नाचणी दिवसाला कुठलं मूल खातं? डी जीवनसत्त्व तपासा, घर शाकाहारी असेल तर बी१२ ही.

करायचंच तर एकच बदल, तीन महिने, आणि त्या काळात नवी थेरपी, नवं औषध, नवी शाळा काही नाही. थेरपिस्टला किंवा बालवाडीच्या ताईंना आहार बदलल्याचं सांगू नका, आणि तीन महिन्यांनी त्यांना काही वेगळं वाटलं का ते विचारा. त्यांना काही जाणवलं नसेल तर मुलाचं दही परत सुरू करा.

स्टेथो

औषधं आणि "बायोमेडिकल"चा भाग.

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर, म्हणजे सामाजिक संवादावर, मान्यताप्राप्त असं औषध नाही. अमेरिकेत रिस्पेरिडोनला २००६ मध्ये (वय ५ ते १६) आणि अॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये (वय ६ ते १७) मान्यता मिळाली ती तीव्र चिडचिड, आक्रमकता, स्वतःला इजा यांसाठी. त्यांचा उपयोग होतो, पण किंमत मोजावी लागते. भूक आणि वजन झपाट्याने वाढतं, सुस्ती येते, रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार होण्याशी संबंधित संप्रेरक) वाढतं. सुरू करण्याआधी वजन, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी (लिपिड) बघा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. अचानक बंद करू नका. पावणेतीन वर्षांच्या मुलाला "शांत राहावा म्हणून" हे देत असतील तर दुसरं मत घ्या.

झोपेसाठी आधी वेळ आणि अंधार : संध्याकाळनंतर पडदा नाही, दुपारची झोप तीनच्या आत संपलेली, रोज त्याच क्रमाने आंघोळ-जेवण-गादी. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेतलं मेलाटोनिन. ते झोप लागायला मदत करतं, मध्यरात्री जाग येण्यावर त्याचा उपयोग कमी.

आता जे टाळायचं ते. चिलेशन : शरीरातला पारा काढतो म्हणून दिलेल्या इंजेक्शनाने २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा गेला, रक्तातलं कॅल्शियम कोसळलं. सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाची लाट १९९८ नंतर आली, चाचण्यांत ते पाण्याच्या इंजेक्शनाएवढंच ठरलं. हायपरबॅरिक ऑक्सिजनलाही आधार नाही, कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते ती वेगळीच.

स्टेम सेल. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडून स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांत बिल होत असेल तर ती चाचणी नव्हेच. नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांना नाळेतलं रक्त देऊन बघितलं (२०२०). मुख्य मोजमापात फरक आला नाही. "पण शेजारच्यांच्या मुलाला फरक पडला" याचं उत्तर पॅकेजमध्येच असतं : त्याबरोबर रोज ओटी, स्पीच, आहार, सगळं लावून देतात, आणि मूल सहा महिन्यांनी मोठं होतंच.

ल्युकोव्होरिनचं (फोलिनिक अॅसिड) सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत गाजावाजा होऊन नाव झालं. मेंदूत फोलेट कमी पोचण्याचा एक विशिष्ट आजार आहे, त्यात ते उपयोगी आहे. सरसकट ऑटिझमसाठीचे अभ्यास लहान आहेत. स्वतः आणून देऊ नका.

कागदोपत्री

पैशांची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून.

१) जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी) बघून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, मोफत. सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात, तेव्हा जाण्याआधी स्पीच आणि ओटीचे वार विचारा. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

२) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडीचा (अपंगत्वाचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन. तपासणीत आयसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात : ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यावर तीव्र. लहान मुलाला बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. मुलाखतीत पालक मुलाची बाजू घेतात, "तसं करतो कधीकधी" म्हणतात आणि गुण कमी पडतात. रोज घडतं तेच सांगा.

३) नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्यविमा योजना. वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीला त्यात वेगळी उपमर्यादा. आधी खर्च, मग परतावा. दावा अडतो तो बिलावर : मुलाचं पूर्ण नाव, तारखा, थेरपीचा प्रकार, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. महिन्याअखेरीला चिठोऱ्यावर "मिळाले ९,६००" असं लिहून आणलं की ते परत येतं.

४) आयकरात अपंग अवलंबितासाठी ७५ हजारांची वजावट, तीव्र असेल तर १ लाख २५ हजार. जुनी करप्रणाली निवडली तरच. ऑटिझमसाठी नेहमीच्या प्रमाणपत्राशिवाय वेगळा वैद्यकीय फॉर्म लागतो, तो सीएला आधीच विचारा.

थेरपिस्टची पात्रताही कागदावर बघता येते. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे. ओटीची मात्र तिथे नसते. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे. तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर "ऑटिझम थेरपिस्ट" अशी पाटी लावलेल्याकडे यातलं काहीच नसतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. "मोजा, मोजा" सगळे म्हणताय, पण नोकरी सांभाळून पालकाने मोजायचं नेमकं कसं?

टकमक

थेरपी सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तीन व्हिडिओ, प्रत्येकी दहा मिनिटं : एक खाऊचा, एक खेळाचा, एक आंघोळीचा किंवा कपड्यांचा. मोबाईल कपाटावर टेकवून ठेवा, हातात धरलात तर मूल मोबाईलकडेच येतं. रात्री बघताना एकच गोष्ट मोजा : कुणी न विचारता मुलाने स्वतःहून किती वेळा काही कळवलं. बघणं, बोट, चित्र, आवाज, ओढणं, सगळं धरा, पण ओढण्यासाठी वेगळी खूण करा. समजा खाऊच्या व्हिडिओत ४ आले आणि चारही ओढण्याचे.

दर दोन आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच माणसाबरोबर, तसाच व्हिडिओ. माणूस बदलला तर आकडा बदलतो. आजारपणाच्या आठवड्यातला व्हिडिओ मोजू नका. बारा आठवड्यांनी सहा आकडे होतात. ओढणं कमी होऊन चित्र किंवा बोट वाढत असेल, बेरीज तेवढीच असली तरी, गाडी बरोबर चाललीय. आकडे सपाट असतील तर थेरपिस्टला व्हिडिओ दाखवून उद्दिष्ट किंवा पद्धत बदलायला सांगा. तिसऱ्या महिन्यातही तेच उद्दिष्ट, तेच उत्तर, "वेळ लागतो" असेल तर सेंटर बदला.

चिमणचारा

सेंटर बदलल्यावर मूल पुन्हा शून्यावर जातं म्हणतात.

ध्वनिलहर

थोडं मागे येतं. जुन्या ठिकाणाहून निघताना तीन गोष्टी मागून घ्या : चालू उद्दिष्टांचा लेखी अहवाल, प्रत्येक कौशल्याला आत्ता किती मदत लागते (हात धरून, खुणेने, की मदतीशिवाय), आणि एका चांगल्या सेशनचा व्हिडिओ. अहवाल देत नसतील तर तुमच्या वहीतून तुम्हीच लिहा. चित्रांची वही मुलाची, ती सेंटरमध्ये सोडून येऊ नका. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तीच हातात हवी. पहिले दोन आठवडे नव्या थेरपिस्टने काही शिकवू नये, नुसतं त्याच्या आवडीचं द्यावं आणि खेळावं. ते दोन आठवडे आकड्यांत धरू नका.